क्यू भाषेतला सिम्बॉल: एक छोटा बॅकटिक आणि परत न मिळणारी मेमरी

शेअर बाजार सुरू असतो तेव्हा सौद्यांच्या नोंदी सतत येत असतात. प्रत्येक सौद्याची एक ओळ असते: वेळ, शेअरचे नाव, भाव, नग. वेळ बदलते, भाव बदलतो, नगही बदलतात. नावे मात्र फिरून फिरून तीच येतात. समजा, दिवसभरात दहा लाख ओळी जमल्या, तर त्यांत वेगवेगळी नावे भरतील जेमतेम दोन हजार. मग तीच नावे दहा लाख वेळा अक्षर-अक्षर लिहून ठेवायची का?

क्यू या प्रोग्रामिंग भाषेने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे 'सिम्बॉल' हा डेटा टाइप. दिसायला अगदी साधा. शब्दाच्या आधी एक बॅकटिक, म्हणजे कीबोर्डवर डावीकडे वर कोपऱ्यात असलेले ते उलटे टिंबवजा चिन्ह, लावले की झाला सिम्बॉल. शिकणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी भेटतो आणि बहुतेक जण त्याला 'अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेली स्ट्रिंग' समजून पुढे जातात. गोंधळाची सुरुवात इथेच होते. हा गैरसमज सुरुवातीला फक्त त्रास देतो. पुढे मोठ्या डेटावर तोच सर्व्हरची मेमरी खातो.

क्यू आली कुठून?

क्यू ही 'ॲरे' भाषांच्या घराण्यातली. या घराण्याचे मूळपुरुष केनेथ आयव्हर्सन. कॅनडात जन्मलेल्या या गणितज्ञाने 1962 मध्ये 'अ प्रोग्रामिंग लँग्वेज' हे पुस्तक लिहिले आणि त्याच नावाच्या आद्याक्षरांवरून एपीएल ही भाषा ओळखली जाऊ लागली. 1979 मध्ये आयव्हर्सन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ॲरे भाषांची मुख्य कल्पना अशी: एकेक आकडा घेऊन लूप फिरवत बसायचे नाही, अख्ख्या यादीवर एकदम क्रिया करायची. दोन याद्यांमध्ये अधिकचे चिन्ह ठेवले की त्यांतल्या जोड्या-जोड्यांची बेरीज होते.

एपीएलमध्ये मजकूर म्हणजे अक्षरांची यादी. संख्यांची यादी जशी, तशीच अक्षरांची. हे सुटसुटीत आहे, पण त्यात एक अडचण आहे. 'शेअरचे नाव' ही माणसाच्या मनात एक वस्तू असते, तर भाषेच्या लेखी ती पाच-सहा वस्तूंची रांग ठरते. मग नावांची यादी म्हणजे यादीतल्या याद्या.

आर्थर व्हिटनी यांनी यातून वाट काढली. 1989 मध्ये त्यांनी एका पानात मावेल एवढ्या इंटरप्रिटरचा नमुना लिहिला आणि त्याच्या आधारे आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांची 'जे' ही भाषा उभी राहिली. पुढे व्हिटनी यांनी 'के' ही स्वतःची भाषा तयार केली. 1993 मध्ये जॅनेट लस्टगार्टन यांच्यासोबत केएक्स ही कंपनी काढली, आणि 2003 मध्ये केडीबी प्लस हा डेटाबेस व त्याची भाषा क्यू बाजारात आली. बँका आणि ट्रेडिंग कंपन्यांत सौद्यांचा डेटा साठवायला आजही ही जोडी वापरतात. के आणि क्यूमध्ये सिम्बॉल हा मूळ टाइपांपैकी एक आहे. जे भाषेतही सिम्बॉल आहेत, पण तिथे ते एका खास क्रियेने बनवावे लागतात आणि त्यांचा वापर क्यूइतका सर्रास होत नाही.

कल्पना मात्र व्हिटनी यांची नव्हे. जॉन मॅकार्थी यांनी 1960 मध्ये लिस्प भाषेवर लिहिलेल्या लेखात 'आणविक' सिम्बॉल आहेत, म्हणजे ज्यांचे पुढे तुकडे पडत नाहीत असे. क्यूने ती कल्पना उचलून याद्यांच्या जगात आणली.

एक वस्तू की बारा?

फरक समजून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोजून पाहणे. क्यूमध्ये 'काउंट' हे फंक्शन यादीत किती घटक आहेत ते सांगते. "पुणे" ही स्ट्रिंग त्याला दिली तर उत्तर येते 12. मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, कारण डोळ्यांना अक्षरे दिसतात दोनच. पण क्यूची स्ट्रिंग म्हणजे बाइटांची यादी. प, उकार, ण आणि मात्रा असे चार युनिकोड घटक, आणि यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. चार त्रिक बारा.

त्याच शब्दाचा सिम्बॉल करून पुन्हा 'काउंट' विचारला तर उत्तर येते 1. सिम्बॉलचे तुकडे पडत नाहीत. 5 हा आकडा जसा एक, तसे 'पुणे' हे नाव एक. त्यातले तिसरे अक्षर कोणते, असे विचारता येत नाही. विचारायचेच असेल तर आधी 'स्ट्रिंग' हे फंक्शन वापरून त्याचा मजकूर करून घ्यावा लागतो.

(देवनागरी शब्दापुढे थेट बॅकटिक लावून चालत नाही. थेट लिहिताना रोमन अक्षरे, अंक, ठिपका अशी मोजकीच चिन्हे चालतात. देवनागरी, किंवा मध्ये जागा असलेले नाव, आधी अवतरणचिन्हांत लिहून मग बॅकटिक आणि डॉलर या जोडीने त्याचा सिम्बॉल करावा लागतो.)

मेमरीत नेमके काय होते?

क्यूचा प्रोग्राम सुरू झाला की तो नावांचा एक साठा राखतो. कोणताही सिम्बॉल पहिल्यांदा दिसला की त्याची अक्षरे या साठ्यात एकदाच लिहिली जातात. त्यानंतर तेच नाव दहा लाख वेळा आले तरी यादीत फक्त त्या जागेचा पत्ता जातो. 64 बिटांच्या संगणकावर हा पत्ता 8 बाइटांचा. म्हणजे दहा लाख ओळींच्या रकान्याला 80 लाख बाइट, मग नाव चार अक्षरी असो की चाळीस अक्षरी.

स्ट्रिंगांच्या रकान्यात असे होत नाही. तिथेही प्रत्येक ओळीत पत्ता असतोच, शिवाय प्रत्येक ओळीसाठी अक्षरांची वेगळी यादी असते आणि प्रत्येक यादीला स्वतःची माहिती सांगणारा एक मथळा. दहा लाख ओळी म्हणजे दहा लाख सुट्या वस्तू मेमरीभर विखुरलेल्या.

जागेपेक्षाही मोठा फायदा तुलनेत होतो. दोन सिम्बॉल सारखे आहेत का, हे पाहायला अक्षरे वाचावीच लागत नाहीत. पत्ता एक तर नाव एक. दहा लाख ओळींतून एका शेअरचे सौदे वेगळे काढणे म्हणजे दहा लाख वेळा दोन आकडे ताडून पाहणे, आणि ॲरे भाषांना नेमके हेच काम वेगाने जमते. वर्णानुक्रमे लावताना मात्र हा फायदा तसाच मिळत नाही, कारण क्रम पत्त्यावरून कळत नाही, त्यासाठी अक्षरे पाहावीच लागतात.

पँडाज वापरणाऱ्यांना 'कॅटेगरी' हा प्रकार किंवा आर भाषेतले 'फॅक्टर' आठवतील. नाते जवळचे आहे. क्यूमध्ये मात्र ही सोय मागाहून जोडलेली नाही, ती भाषेच्या पायातच आहे. टेबलच्या रकान्यांची नावे सिम्बॉल असतात. डिक्शनरीच्या किल्ल्या बहुधा सिम्बॉल असतात. फाइलचा पत्तासुद्धा बॅकटिक आणि कोलनने सुरू होणारा सिम्बॉलच. इतकेच काय, एखाद्या टेबलवर बदल करताना नुसते टेबलचे नाव दिले तर बदललेली प्रत मिळते आणि मूळ टेबल तसेच राहते, पण नावाआधी बॅकटिक लावला तर मूळ टेबलच बदलते. एका चिन्हाचा फरक आणि परिणाम पूर्ण वेगळा. शिकणाऱ्यांचे काही तास इथे हमखास जातात.

पहिल्या आठवड्यातले अडथळे

बरोबरचे चिन्ह हा सर्वांत मोठा अडथळा. दोन सिम्बॉलांमध्ये ते ठेवले की एकच उत्तर येते, हो किंवा नाही. स्ट्रिंगांमध्ये ठेवले की अक्षरागणिक उत्तर येते. "411004" आणि "411030" या पिनकोडची तुलना केली तर चार वेळा हो आणि दोन वेळा नाही, अशी सहा उत्तरांची यादी मिळते. आणि लांबी वेगळी असेल तर उत्तरच नाही, लांबीची चूक दाखवून गाडी थांबते. नवशिक्या माणसाला वाटते भाषा बिघडली. भाषा तिच्या नियमाने वागत असते: याद्या दिल्या की ती जोड्या लावणार. अख्खी स्ट्रिंग एकदम ताडायची तर त्यासाठी तरंगरेघेचे वेगळे चिन्ह आहे.

यातूनच पुढचा प्रसंग येतो. टेबलमध्ये गावांचा रकाना स्ट्रिंगांचा आहे आणि कुणी अटीत लिहिले की गाव बरोबर "नागपूर". सिम्बॉलचा रकाना असता तर हे सहज चालले असते. इथे भाषा रकान्यातली एकेक ओळ आणि "नागपूर"चा एकेक बाइट यांच्या जोड्या लावायला जाते, संख्या जुळत नाही आणि पुन्हा लांबीची चूक. अशा वेळी 'लाइक' वापरायचे असते.

आणखी एक छोटा काटा. अवतरणचिन्हांत एकच रोमन अक्षर लिहिले तर ती स्ट्रिंग होत नाही, ते सुटे अक्षर ठरते. एकच घटक असलेली यादी हवी असेल तर 'एनलिस्ट' हे फंक्शन वापरावे लागते. सिम्बॉलला ही कटकट नाही, तो एका अक्षराचा असला तरी सिम्बॉलच. यादी लिहितानाही सवय बदलावी लागते. आकड्यांच्या यादीत आकड्यांमध्ये जागा सोडतात, सिम्बॉल मात्र बॅकटिकसह एकाला एक चिकटवून लिहितात. नुसता बॅकटिक, पुढे काही नाही, म्हणजे रिकामा सिम्बॉल, आणि क्यूमध्ये 'माहिती नाही' यासाठीही तोच. 'नाव कोरे आहे' आणि 'नाव माहीत नाही' हा फरक सिम्बॉलच्या रकान्यात ठेवता येत नाही.

या चुका त्रासदायक असल्या तरी बऱ्या, कारण बहुतेक लगेच दिसतात. पुढची चूक दिसत नाही.

जे परत मिळत नाही

नावांच्या साठ्याचा नियम एकेरी आहे. नाव आत जाते, बाहेर येत नाही. टेबल पुसले, व्हेरिएबल पुसले, नको असलेली मेमरी परत करण्याचे फंक्शन चालवले, तरी साठ्यात गेलेले नाव प्रोग्राम बंद होईपर्यंत तिथेच राहते. दोन हजार नावे असतील तर याचे काहीच वाटत नाही. पण समजा, कुणी सौद्याचा ऑर्डर क्रमांकही सिम्बॉल म्हणून ठेवला. ऑर्डर क्रमांक दर वेळी नवा. दहा लाख ऑर्डर म्हणजे साठ्यात दहा लाख नवी नावे, आणि उद्या आणखी दहा लाख. ज्यासाठी सिम्बॉल घ्यायचा, ती पुनरावृत्तीच इथे नाही. फायदा शून्य आणि किंमत कायमची.

चोरवाटाही बऱ्याच आहेत. लूपमध्ये नाव आणि तारीख जोडून नवे सिम्बॉल बनवणारा कोड. बाहेरून आलेला मजकूर न तपासता सिम्बॉलमध्ये बदलणारी सेवा. जेसन वाचणारे क्यूचे फंक्शन मजकुराच्या किमती स्ट्रिंग म्हणून ठेवते, पण किल्ल्या मात्र सिम्बॉल करते. पाठवणाऱ्याने किल्लीच्या जागी ग्राहकाचा क्रमांक घातला असेल तर प्रत्येक ग्राहक साठ्यात कायमचा मुक्कामाला येतो. चूक कुठेच दिसत नाही. मेमरीचा आलेख हळूहळू चढत राहतो आणि एक दिवस, बहुधा बाजार ऐन भरात असताना, प्रोग्राम पडतो.

हा दोष एकट्या क्यूचा नाही. रुबी भाषेत 2014 च्या अखेरीस आलेल्या 2.2 आवृत्तीपर्यंत सिम्बॉल साफ होत नसत आणि बाहेरून मुद्दाम नवनवी नावे पाठवून सर्व्हर पाडता येईल, ही भीती होती. अर्लांग भाषेत अशा नावांना 'ॲटम' म्हणतात. तिथे 10,48,576 ही मूळ मर्यादा आहे, ती ओलांडली की अख्खी यंत्रणा बंद पडते.

क्यूमध्ये अशी मर्यादा ठेवलेली नाही, पण मोजमाप उपलब्ध आहे. मेमरीचा हिशेब देणाऱ्या फंक्शनच्या उत्तरात शेवटी दोन आकडे असतात: साठ्यात किती नावे आहेत आणि त्यांनी किती बाइट घेतले. सकाळ-संध्याकाळ हे दोन आकडे टिपले की गळती कुठे आहे ते बरेच आधी कळते.

डिस्कवरची रोजकीर्द

टेबल डिस्कवर लिहायची वेळ आली की नवा प्रश्न उभा राहतो. मेमरीतला पत्ता डिस्कवर लिहून उपयोग नाही, प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की तो बदलणार. म्हणून रकानावार साठवलेल्या टेबलमध्ये सुटे सिम्बॉल लिहू दिले जात नाहीत. आधी 'एन्युमरेशन' करावे लागते. सगळी वेगवेगळी नावे एका फाइलमध्ये, रिवाजाप्रमाणे 'सिम' नावाच्या, ओळीने लिहायची आणि टेबलच्या रकान्यात फक्त त्या यादीतला क्रमांक ठेवायचा.

मराठी माध्यमातून वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. रोजकीर्दीत 'खा.पा.' असा एक छोटा रकाना असतो, त्यात खातेवहीतला पान क्रमांक लिहितात. आता कल्पना करा की कीर्दीत खात्याचे नावच नाही, फक्त पान क्रमांक आहे. जागा वाचली, काम झपाट्याने झाले. पण आता सगळी भिस्त खातेवहीवर. कुणी तिची पाने वर्णानुक्रमे 'नीट' लावली, किंवा बंद झालेल्या खात्याचे पान फाडले, तर कीर्दीतला एक आकडाही न बदलता सगळा हिशेब भलत्यांच्या नावावर जाईल.

सिम फाइलचे अगदी हेच होते. त्यात नवे नाव शेवटी जोडता येते, बस. मधले नाव काढणे, क्रम बदलणे, दुसऱ्या सर्व्हरवरची सिम फाइल इथे आणून ठेवणे, यातले काहीही केले तर क्यू तक्रार करत नाही. क्रमांक वैध असतो, त्या क्रमांकावर काहीतरी नाव असते, ते दाखवले जाते. एका कंपनीचा भाव दुसरीच्या नावावर, आणि हे आजच्याच नव्हे तर डेटाबेसमधल्या प्रत्येक दिवसाच्या नोंदींना लागू. टेबलांच्या शेकडो गिगाबाइटपुढे ही फाइल आकाराने चिमुकली असते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. तिची वेगळी प्रत रोज ठेवणे हा या व्यवसायातला पहिला शहाणपणा.

ऑर्डर क्रमांकाची चूक इथेही भोवते. ते क्रमांक सिम फाइलमध्ये गेले की ती फुगते, आणि डेटाबेस उघडणारा प्रत्येक प्रोग्राम ती अख्खी वाचून नावे आपल्या साठ्यात भरतो. ज्याला फक्त कालचा बंद भाव हवा आहे त्यालाही सगळ्या जुन्या ऑर्डरींची नावे वाहावी लागतात.

मग कधी सिम्बॉल, कधी स्ट्रिंग?

शेअर, बाजार, चलन, शहर, सौद्याची बाजू (खरेदी की विक्री) अशा गोष्टींसाठी सिम्बॉल. शेरे, पत्ते, बातम्यांचे मथळे, चुकीचे संदेश यांसाठी स्ट्रिंग. ऑर्डर क्रमांक निव्वळ आकडी असेल तर सरळ पूर्णांक, आणि लांबलचक, जगात एकमेव असा ओळख क्रमांक असेल तर 16 बाइटांचा 'ग्विड' हा टाइप क्यूमध्ये आहेच.

मधल्या गोष्टी अवघड असतात. ग्राहकाचे नाव? शंभर मोठ्या ग्राहकांच्या कंपनीत सिम्बॉल, लाखो किरकोळ ग्राहकांच्या ॲपमध्ये नाही. शंका असेल तर नमुना डेटा घेऊन 'डिस्टिंक्ट' चालवावे आणि वेगवेगळी नावे किती ते पाहावे. ती संख्या ओळींच्या संख्येबरोबर वाढत जात असेल तर तो रकाना सिम्बॉलचा नाही. आठवड्याच्या डेटावर एकदा आणि महिन्याच्या डेटावर एकदा मोजले की उत्तर लपत नाही. शंका फिटलीच नाही तर स्ट्रिंगकडे झुकलेले बरे, कारण स्ट्रिंगचा रकाना नंतर सिम्बॉलचा करणे सोपे आहे.

उलट दिशेचे काम मात्र घाम काढते. फुगलेली सिम फाइल आटोपशीर करायची तर प्रत्येक दिवसाचा, प्रत्येक टेबलचा, प्रत्येक सिम्बॉल रकाना उघडायचा, क्रमांकांची पुन्हा नावे करायची, नवी सिम फाइल बांधायची आणि तिच्यावरून नवे क्रमांक लिहायचे. हे चालू असताना दुसऱ्या कुणीही त्या डेटाबेसमध्ये काही लिहायचे नाही. म्हणून हे काम सहसा बाजार बंद असताना, शनिवार-रविवारी, आणि जुन्या सिम फाइलची प्रत बाजूला काढून ठेवल्यानंतरच हाती घेतात.